नागरिकशास्त्राचा तक्ता पुठ्ठा-सुतळीने : सरपंच ते संसद, वर्गात हाताने करायच्या गोष्टी

माणदेशी बाई

नमस्कार मंडळी,

माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. इतिहासाला जोडून नागरिकशास्त्रही माझ्याकडेच. सहावीला ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन, पुढे जिल्हा प्रशासन. आठवीला संसद, मंत्रिमंडळ, न्यायव्यवस्था. मुलांना 'शासनाचा तक्ता काढा' असं सांगितलं की सगळी शिडी काढतात. तळाला सरपंच, त्यावर पंचायत समितीचा सभापती, मग जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, आमदार, खासदार, मुख्यमंत्री, पंतप्रधान आणि टोकाला राष्ट्रपती. बाजारात मिळणारे छापील तक्तेही फार वेगळे नसतात. मग पोरं विचारतात, "बाई, खासदार सरपंचाला काढून टाकू शकतो का?" प्रश्न रास्तच आहे, कारण शिडीकडे बघून तेच कळतं.

म्हणून शिडी आणि झाड दोन्ही बंद केलं. आता आम्ही पाट्या करतो आणि दोऱ्या बांधतो. पाट्यांना जुन्या लग्नपत्रिका. मे-जून उलटला की घरटी गठ्ठा निघतो, कागद जाड असतो आणि मागची बाजू बहुधा कोरी. एका पत्रिकेवर एकच पद किंवा एकच संस्था: मतदार, ग्रामसभा, ग्रामपंचायत, सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, सभापती, गटविकास अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), जि.प. अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हाधिकारी, आमदार, खासदार. (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पाटीवर नवं नाव लिहितो, तोंडात जुनंच येतं.) पाट्या गळ्यात अडकवून मुलं व्हरांड्यात उभी राहतात आणि मग सुतळ्या.

लाल सुतळी म्हणजे कोण कुणाला निवडून देतं.
निळी म्हणजे कोण कुणाला नेमतं, कुणाची बदली करतं.
पिवळी म्हणजे पैसा कुठून येतो.

तिन्ही एकदम सोडायच्या नाहीत. आधी लाल पूर्ण करायची. मतदाराच्या हातातून ग्रामपंचायत सदस्य, सरपंच, पंचायत समितीचा गण, जिल्हा परिषदेचा गट (गण आणि गट म्हणजे तिथले मतदारसंघ), आमदार, खासदार अशा सगळ्या लाल दोऱ्या निघतात आणि गटविकास अधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी लाल दोरीशिवाय कोरडे उभे राहतात. 'निवडून आलेले' आणि 'नेमलेले' यावर परिच्छेद वाचून दाखवायची गरजच उरत नाही. निळी सुरू झाली की वर्ग खरा जागा होतो. गुरुजींची बदली कोण करतं हे पोरांना चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे शिक्षकाची निळी दोरी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला बिनचूक जाते. तिथून विचारायचं, मग तलाठ्याची बदली कोण करतं? तीसुद्धा तिथेच नेऊ लागतात. ती महसूलकडे वळवली की एका तालुक्यात दोन कचेऱ्या का, तहसील आणि पंचायत समिती वेगळ्या का, हे उलगडतं.

गट आणि गणाची पाटी पत्रिकेने आपणच करून दिली. चारपानी पत्रिका मिटली की बाहेर एक गट, उघडली की आत दोन गण. जि.प.चा एक गट म्हणजे पंचायत समितीचे दोन गण, हे आता कुणी विसरत नाही.

आमच्याकडे एक जास्तीची गंमत. जिल्हा सातारा, पण माण विधानसभा मतदारसंघ येतो माढा लोकसभेत, फलटणही तिकडेच. त्यामुळे खासदाराची लाल दोरी जिल्ह्याच्या खडूने काढलेल्या रेषेबाहेर जाते. "बाई, आपला खासदार सोलापूरचा का?" मग करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस, फलटण आणि माण अशा सहा पाट्या मांडाव्या लागतात. जिल्हा वेगळा, मतदारसंघ वेगळा, हे इथेच सुटतं.

सूचना एकच: सरपंचाची लाल दोरी चिकटवू नका, टाचणीने लावा. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून आला, २०२० ला ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांमधून, २०२२ ला परत थेट. दर वेळी दोरीचं टोक हलतं.

तुम्ही काय करता? न्यायालय कसं दाखवता? आणि सुतळ्यांचा गुंता होऊ नये म्हणून काय करता? तिसरा रंग आला की व्हरांड्यात कोळ्याचं जाळं तयार होतं.

चिकटपट्टी

झकास धागा, वाचनखूण साठवली आहे. मी चित्रकला-कार्यानुभव घेतो, त्यामुळे नुसतं सामानाबद्दल बोलतो.

गळ्यात पाट्या एक दिवस ठीक. नंतर गोणपाटावर या. धुतलेलं पोतं उसवून भिंतीला लावायचं, पाट्या सेफ्टी पिनने टाचायच्या, दोरीऐवजी लोकर. पोतं लोकर धरून ठेवतं आणि तास संपला की चटईसारखं गुंडाळून कपाटावर. थर्माकोल नको, २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात बंदी आहे, तरी शाळांच्या प्रदर्शनात अजून दिसतो. फेविकॉलवर पैसे घालवू नका, मैद्याची खळ पुरते. त्यात चिमूटभर मोरचूद टाकतात जुने लोक, पण मुलांच्या हातात ते देऊ नका.

गुंत्याचं उत्तर: प्रत्येक पाटीला तीन भोकं पाडा आणि जागा ठरवून टाका. लाल कायम डाव्या भोकातून, निळी वरच्या, पिवळी उजव्या. पंच मशीन नसेल तर दाभण.

रोखठोक

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात म्हणून विरुद्ध बाजूने बोलतो. आठवीला एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी, त्यात पोर्टलवर माहिती भरणं, त्यात पत्रिका कापत बसायचं? पुठ्ठा कापण्यात दोन तास गेले आणि सरपंचावर दहा मिनिटं बोललात, तर तो तास कार्यानुभवाचाच. मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूने तेच बाण काढतो, वीस मिनिटांत खेळ खलास. प्रदर्शनाच्या दिवशी केंद्रप्रमुख येऊन फोटो काढतात तेवढाच या वस्तूंचा उपयोग, असं माझं मत.

माणदेशी बाई

रोखठोक सर, पत्रिका मुलं घरी कापून आणतात, वर्गात फक्त बांधायचं काम. आणि फळ्यावरचा बाण तुम्ही काढता. कुणाची दोरी कुणाला हे मुलांनीच ठरवायचं आणि चुकलं तर वर्गाने भांडायचं, त्यासाठी तर सगळा खटाटोप. गेल्या खेपेला पोलीस पाटलावरून भांडण झालं. अर्ध्या वर्गाने लाल दोरी बांधली, कारण तो गावचाच माणूस. निळी प्रांताकडून येते यावर कुणाचा विश्वासच बसेना. शेवटी एका मुलीने चुलत्याला, म्हणजे खुद्द पोलीस पाटलाला, विचारून आणलं.

चिकटपट्टी दादा, गोणपाटाबद्दल धन्यवाद. पोषण आहाराच्या तांदळाची पोती शाळेत आहेतच.

नमुना नंबर आठ

ग्रामसेवक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. धागा वाचून बरं वाटलं, कारण मोठमोठ्या माणसांनाही ग्रामपंचायत म्हणजे पंचायत समितीची शाखा वाटते. तसं नाही. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा १९६१ चा. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून तो दुसरा आला आणि १ मे १९६२ पासून राज्यात त्रिस्तरीय कारभार सुरू झाला. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती तीस वर्षांनंतरची, २४ एप्रिल १९९३ ला अंमलात आली. सरपंच सभापतीच्या हाताखाली नाही.

पण बाई, तुमच्या तीन रंगांत एक बाब सुटते. सदस्याला अपात्र ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे आहे. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल, तिसरं अपत्य असेल, अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. म्हणजे निवडून दिलं मतदारांनी, घरी पाठवू शकतो महसूलचा साहेब. त्याला काळा दोरा लावा. तो लागला की कोरड्या उभ्या असलेल्या साहेबाचं वजन पोरांना कळेल.

आता पिवळ्या दोरीबद्दल. नुसत्या दोरीने पैसा कळत नाही, चिंचोके वापरा. शंभर मोजून घ्या. पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाच्या काळात (२०२१-२६) त्या निधीचं आपल्या राज्यात वाटप असं होतं: ८० ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला. तीन वाट्यांत टाका. मग ग्रामपंचायतीच्या वाटीतले ८० पुन्हा ओता. त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे ४८ चिंचोके. निम्मे स्वच्छतेला, निम्मे पिण्याच्या पाण्याला, २४ आणि २४. दुसरीकडे खर्च करायचे नाहीत. उरले ३२, ते अबंधित. आता पोरांना म्हणा, या ३२ मध्ये गाव चालवा. एक म्हणेल गटार, एक म्हणेल स्मशानशेड, एक म्हणेल शाळेचं कुंपण. अबंधितातून पगार भागवता येत नाही हेही सांगा, नाहीतर सगळ्यात हुशार पोरगं आधी शिपायाचा पगार काढेल. माझ्या नोकरीतली सगळी भांडणं या ३२ चिंचोक्यांत मावतात.

सगळा पैसा वरून येतो असंही दाखवू नका. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार कर ही गावची स्वतःची पिवळी दोरी, मतदाराकडून थेट ग्रामपंचायतीकडे. मुलांना घरची घरपट्टीची पावती आणायला सांगा. माझं इथलं नाव कुठून आलं ते ग्रामपंचायतीत आकारणीची वही उघडून बघितल्यावर कळेल.

दापोलीवाला

माढ्यासारखंच आमचं. दापोली-गुहागर जिल्ह्याने रत्नागिरी, खासदार रायगडचे. पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड आणि आम्ही दोघे. बाईंच्या पाट्या आमच्या शाळेतही चालतील.

पोटमाळा

मी पुण्यातला पालक, शिक्षक नाही. शहरातल्या शाळांत 'हस्तकला' म्हणजे रात्री साडेनऊला आईबापांची धावपळ. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत तयार 'संसद भवन' मिळतं, 'ग्रामपंचायत' मिळते, मापाचा पुठ्ठा मिळतो. माझ्या लेकीच्या वर्गातल्या किती तरी ग्रामपंचायती एकाच दुकानातून आल्या होत्या, झेंड्याची काडीसुद्धा तीच.

तिच्या महापालिकेच्या तक्त्याची गोष्ट सांगतो. बाईंनी सांगितलं महापौर, आयुक्त, नगरसेवक दाखवा. पुणे मनपाच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली, तेव्हा निवडणूक झाली नव्हती, प्रशासक बसलेला. लेकीने महापौराच्या जागी रिकामी खुर्ची काढली आणि आयुक्ताच्या डोक्यावर दोन टोप्या. शाळेने 'अपूर्ण' शेरा मारला. मला तर वर्गातला तोच एक खरा तक्ता वाटला.

शहरवाल्यांनी एक करून बघावं. निवडणुकीच्या काळात मुलांना एकच मतपत्रिका देऊ नका. मुंबईत प्रभागात एक नगरसेवक, एक मत. बाकीच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग, साधारण चार जागा, म्हणजे एका मतदाराला चार मतं. चार रंगांच्या चिठ्ठ्या, चार खोके. पोरं विचारतात, मग पाण्याची तक्रार चौघांतल्या कुणाकडे करायची? मलाही अजून माहीत नाही, पण तो वेगळा विषय.

न्यू जर्सीकर

इथे अमेरिकेतल्या शाळांत हा विषय तिसरी-चौथीपासून हातानेच करतात. ठरलेली वस्तू म्हणजे तीन फांद्यांचं झाड किंवा तीन दारांची घडीची पुस्तिका. एक दार काँग्रेस (इथली संसद), एक राष्ट्राध्यक्ष, एक न्यायालय. प्रत्येक दाराखाली 'हे इतरांना कसं अडवतात' ते लिहायचं. इथल्या घटनेला ते शोभतं. काँग्रेसचा सदस्य असताना मंत्रिमंडळात बसता येत नाही, हिलरी क्लिंटन २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा सिनेट सोडूनच झाल्या. दारं खरंच वेगळी आहेत.

घरी मुलाला त्याच साच्यातून भारत शिकवायला बसले आणि दुसऱ्याच दाराशी गाडी अडली. पंतप्रधान कुठल्या दारामागे? कार्यकारी म्हणावं तर तो लोकसभेत बसतो, संसद म्हणावं तर देशही तोच चालवतो. तेव्हा झाड टाकून खोकी घेतली. बुटांचा मोठा खोका म्हणजे संसद, आत पुठ्ठ्याची भिंत घालून लोकसभा आणि राज्यसभा, तळाला हिरवा आणि लाल कागद, कारण तिथले गालिचे त्या रंगांचे. मंत्रिमंडळ म्हणजे काडेपेटी, आणि ती खोक्याच्या आत. राष्ट्रपती संसदेचाच भाग, म्हणून झाकण. झाकण लागल्याशिवाय विधेयकाचा कायदा होत नाही.

काडेपेटी लोकसभेच्या बाजूला कागदी पट्टीवर टांगली आहे. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार, राज्यसभेला नाही, म्हणून पट्टी एकाच बाजूला. पट्टी ओढली की काडेपेटी खाली. मग १७ एप्रिल १९९९ ची गोष्ट सांगितली: वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९, विरुद्ध २७०. एका मताने पट्टी सुटली. लेकाने ती इतक्या वेळा सोडवून बघितली की शेवटी सेलोटेप लावावी लागली, आणि सेलोटेप लावल्यावर सरकार पडेना!

माणदेशी बाई

न्यू जर्सीकर ताई, दंडवत! आठवीला हीच अडचण यायची. तुमचा खोका मी विधानभवनासाठी वापरणार, कारण आमची आठवीची दुसरी वस्तू त्यातच बसेल.

महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा आणि विधानसभेच्या २८८. एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे बरोब्बर सहा. म्हणून मुलं सहा पाकळ्यांची फुलं कापतात, मध्ये लोकसभेचं नाव, पाकळ्यांवर विधानसभेची. गटात वाटून ४८ फुलं. सगळ्या पाकळ्या सुट्या करून एकत्र केल्या की समोर २८८ आमदार. आता त्यातून १४५ एका बाजूला काढा. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डावीकडे विरोधक, असं सभागृह मांडा.

मग मंत्री निवडायचे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मर्यादा घातली, सभागृहाच्या १५ टक्के. मुलं गुणाकार करतात, ४३.२ येतात, '.२ चा मंत्री कसा करायचा' यावर हसून होतं आणि ४३ वर थांबतात, मुख्यमंत्री धरून. १४५ पैकी ४३ ना टिकली लावायची. उरलेले १०२ चेहरे बघून एक पोरगा म्हणाला, "बाई, हे रुसणार." त्या दिवशी पक्षांतरबंदीचा धडा वेगळा काढून शिकवावा लागला नाही.

एक पाकळी नसलेली टिकलीही ठेवते, आमदार नसताना मंत्री झालेल्याची. सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात यायचं, नाहीतर टिकली काढायची. उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. पृथ्वीराज चव्हाण नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री झाले ते राज्यसभेतून, नंतर मुदतीत विधान परिषदेवर आले.

विधान परिषद पाच रंगांच्या मण्यांनी करतो. एकूण ७८: आमदारांनी निवडलेले ३०, स्थानिक संस्थांचे २२, पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७, राज्यपालनियुक्त १२. शिक्षकांचे सात मणी ओवताना पोरं विचारतात, "बाई, यातला तुमचा कोणता?" माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच त्यात मत असतं, आम्हा प्राथमिकवाल्यांना नाही. ते मणी मी मुकाट्याने ओवते.

गोंयचो मास्तर

देव बरें करूं बाई! पण तुमची चारपानी पत्रिका आमच्याकडे उघडत नाही. गोव्यात पंचायत समितीच नाही. ज्या राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आत आहे त्याला मधला स्तर नसला तरी चालतो, अशी घटनेतच सवलत आहे. आमच्याकडे खाली १९१ पंचायती आणि वर दोन जिल्हा पंचायती, उत्तर आणि दक्षिण, पंचवीस-पंचवीस सदस्यांच्या. तरी गटविकास अधिकारी मात्र आहे! म्हणजे निळी दोरी तालुक्यात थांबते, लाल दोरी त्याच तालुक्यावरून सरळ उडून जाते. मुलांना हे नुसतं सांगून पटत नाही, लोकर ताणली की दिसतं.

सरपंचाचंही वेगळं. मतदार पंच निवडतो आणि पंच आपल्यातून सरपंच. अविश्वास ठराव आमच्याकडे नेहमीचा पाहुणा, त्यामुळे टाचणी आम्हालाही हवी, दुसऱ्या कारणासाठी.

आणि तुमचं १५ टक्क्यांचं गणित इथे करून बघा. आमदार ४०, त्याचे १५ टक्के सहा. पण त्याच दुरुस्तीत आहे की मंत्री बारापेक्षा कमी असू नयेत अशी छोट्या राज्यांना मुभा. म्हणून आमचे बारा. चाळीसातले बारा मंत्री! माझी मुलं गोट्यांनी मांडतात आणि लगेच म्हणतात, सर, इथे मंत्री होणं सोपं. विधान परिषद नाही, त्यामुळे मण्यांचा खर्च वाचला.

(अवांतर: तहसीलदाराच्या पाटीवर आमच्याकडे 'मामलेदार' लिहायचं. आणि मामलेदार म्हटल्यावर ठाण्याची मिसळ आठवणाऱ्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.)

वैनगंगा

गडचिरोलीहून. इतका वेळ वाचतो आहे, ग्रामसभेची पाटी बाईंच्या यादीत होती पण नंतर कुणीच तिला दोरी बांधली नाही. ती कुठे उभी केली?

आमच्याकडे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला तो ग्रामसभेला. आदिवासी (अनुसूचित) भागांतल्या पंचायतींचा पेसा कायदा १९९६ चा, तोही ग्रामसभेलाच धरून आहे. अशा ठिकाणी ग्रामसभा ही ग्रामपंचायतीच्या खालची पाटी होऊच शकत नाही.

आम्ही पळसाच्या पानांची पत्रावळ लावतो, पोरं स्वतः टाचतात. ती मधोमध. अठरा वर्षांवरचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य, म्हणून पोरांनी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी एक काडी खोवायची. आजी राहिली तर आजीची काडी लावायला परत पाठवतो. काड्या निवडून दिलेल्या नाहीत, नेमलेल्या नाहीत, त्यांना लाल-निळी दोरी लागतच नाही. मग ग्रामपंचायतीची पाटी पत्रावळीला बाहेरून टाचायची.

नमुना नंबर आठ

वैनगंगा साहेब, अगदी. लाभार्थी निवडीची यादी, खर्चाचा हिशोब, सगळं ग्रामसभेपुढे ठेवावं लागतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा. कोरम नाही म्हणून तहकूब केलेल्या सभाही पुष्कळ पाहिल्या, तेही पोरांना सांगा.

पंचगंगा घाट

वकील आहे, मास्तरकी जमणार नाही, पण न्यायालयाचा प्रश्न सुटला नाही म्हणून लिहिते.

न्यायाधीशाला लाल दोरी नाहीच. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची निळी दोरी मुंबईत मंत्रालयाकडे जात नाही, थेट दिल्लीला राष्ट्रपतींकडे जाते. मुलांना वाटतं राज्याचं न्यायालय म्हणजे नेमणूक मुख्यमंत्र्यांची. तेवढी एक दोरी नीट लावली तरी निम्मं काम झालं. पाटीच्या हातात पुठ्ठ्याची कात्री द्या. घटनेच्या विरुद्ध जाणारा कायदा किंवा सरकारी आदेश ती कापू शकते. मात्र बहुतेक वेळा कुणी दारात आल्यावर, अर्ज केल्यावर. हे मुलांना गंमत म्हणून आवडतं. कात्रीवाला गप्प उभा असतो, याचिकेची चिठ्ठी हातात पडेपर्यंत हलत नाही.

बाई, तुमच्या सातारकर मुलांच्या नकाशात बदल करा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झालं आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली. मुंबईला जाणारी दोरी आता कोल्हापूरला. जुने तक्ते अजून मुंबई, नागपूर, औरंगाबाद, पणजी एवढ्यावरच थांबलेत.

रोखठोक

बरं, पुठ्ठ्याला मी विरोध केला तरी एक वस्तू माझ्याही वर्गात होते, सांगून टाकतो. मतदान यंत्र. बुटाच्या खोक्याच्या झाकणावर बटणं, खिडकीमागे कागदाची गुंडाळी, चिन्हाची चिठ्ठी दिसली की पोरांनी मोठ्याने सातपर्यंत मोजायचं आणि चिठ्ठी आत पाडायची. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंदच दिसते. मग सांगायचं, ही खिडकी लोकसभा-विधानसभेला. ग्रामपंचायतीला ती काढून टाका. ती निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतच नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन आयोग आहेत हे पदवीधरांनाही माहीत नसतं.

आणि शाळांच्या मंत्रिमंडळाबद्दल कुणीच बोललं नाही. स्वच्छता मंत्री, पोषण आहार मंत्री, क्रीडा मंत्री, सगळे मंत्रीच. निवडणूक घेतो, शपथविधी घेतो, वृत्तपत्रात फोटो देतो. पण विरोधी पक्षनेता? एकाही शाळेत पाहिला नाही. मंत्र्याला उभं करून प्रश्न कोण विचारणार? हरलेल्या उमेदवाराला महिन्यातून एकदा पोषण आहार मंत्र्याला तीन प्रश्न विचारू द्या. पुठ्ठा लागत नाही, सुतळी लागत नाही.

चिकटपट्टी

रोखठोक सर, +१. मुख्याध्यापकांची परवानगी मात्र लागेल!

माणदेशी बाई

सगळ्यांचं मिळून नवा क्रम असा लावते. ग्रामसभा पत्रावळीवर मधोमध (पळस इकडे मिळणार नाही, वडाची पानं घेईन), काड्या मुलांच्या घरच्यांच्या. मग लाल, मग निळी, मग काळा दोरा अपात्रतेचा. पिवळीच्या दिवशी फक्त चिंचोके, बाकी काही नाही. न्यायालय शेवटी, कात्रीसह, कोल्हापूरच्या दोरीवर.

मास्तर, गोव्याचा तक्ता शेजारीच दुसऱ्या पोत्यावर लावणार आहे. तुमची पाट्यांची यादी निरोपातून पाठवाल का? आणि आठ नंबर काका, चिंचोके शंभर की हजार घेऊ? पट सव्वीसचा आहे, सगळ्यांच्या हाताला लागायला हवेत.

नमुना नंबर आठ

शंभरच घ्या बाई, गट करा. हजार घेतले तर हिशोब जुळणार नाही आणि ऑडिट लागेल.